गल्लीकडचं दार

"भरून टाका ते भगदाड. आजच्या आज."

विश्वंभर खोलीत आला तो हेच बोलत. भुवयांवर सोयाबीनचं भूस, सदरा पाठीला चिकटलेला. शेतात मळणी चालू होती. ती माणसांच्या हवाली करून धाकट्या भावाच्या एका फोनवर तो गाडीला किक मारून निघाला होता. प्रेमानं पाण्याचा तांब्या पुढं केला. त्यानं तिकडं बघितलंसुद्धा नाही. तिनं मग तांब्या मागं नेला नाही, तसाच हातात धरून उभी राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याबद्दल तिला एक गोष्ट पक्की कळली होती. राग उतरायला लागला, की ह्या माणसाला आधी तहान लागते.

"ते बघ, दादा," मुकुल वर बोट दाखवत म्हणाला. "तडा खाचेच्या कोपऱ्यातून निघाला अन् थेट छताच्या फरशीपर्यंत गेला. आवाज केवढा झाला! मला वाटलं गेलं घर."

भिंतीच्या वरच्या अंगाला तडा गेला होता. खाली जमिनीवर नारळाएवढा दगड अन् ढीगभर माती. मिना शिलाई मशीनजवळच्या स्टुलावर बसली होती. मशीनवर जुनं चादरीचं पांघरूण, पांघरुणावर धूळ. दगड पडला तेव्हा ती तीन हातांवर कापड बेतत होती. तिनं आधी कोणाचा तरी हिरवा खण उचलून छातीशी धरला होता, तो अजून तसाच होता.

कुरुंद्याच्या ह्या घरातली शेवटची खोली माय-लेकीची. एका कोपऱ्यात पद्माबाईंचं देवघर, दुसऱ्यात मिनाचं मशीन. जिंतूरचं सासर सुटलं तेव्हापासून मिना ह्याच खोलीत होती. नवऱ्यानं दुसरं घर मांडलं, आणि ही कपड्यांची पेटी अन् मशीन घेऊन माहेरी आली. खोलीची एक भिंत गल्लीला लागून. काळ्या दगडाची, दीड हात जाड. छताचे सगळे गर्डर तिच्यावर टेकलेले, गर्डरांवर शहाबादी फरश्या, अन् फरश्यांवर वीतभर माती. म्हणजे छताचा सगळा भार त्या एका भिंतीच्या डोक्यावर. आणि मिनाला दार पाहिजे होतं ते नेमकं तिच्यातच.

कलीम मिस्त्री म्हणाले होते, 'दार होते. पण दमानं.' अशी भिंत एकदम फोडायची नसते. आधी गल्लीच्या बाजूनं अर्ध्या जाडीत आडवी खाच पाडायची, तिच्यात लोखंडी गर्डर सारायचा, वरचे दगड त्याच्यावर घट्ट ठोकून घ्यायचे आणि सिमेंट वाळू द्यायचं. मग उरलेल्या अर्ध्या जाडीत आतल्या बाजूनं दुसरा गर्डर. दोघं मिळून वरचा भार पेलायला लागले, की मग खालची भिंत काढायची. तोवर छताला खोलीतून टेकू.

बाहेरचा गर्डर मागच्या आठवड्यात बसला. आज सकाळी आतली खाच पाडून झाली. खाच मोकळी होती, गर्डर अजून अंगणातच होता, आणि शुक्रवार असल्यानं मिस्त्री आपली दोन माणसं घेऊन जुम्म्याच्या नमाजाला गेले होते. घराच्या सगळ्यात नाजूक घडीला भिंत तडकली ती अशी.

"मिस्त्री कुठं आहे?" विश्वंभरनं विचारलं.

"आलो, दादा." कलीम दारातून वाकून आत आले. डोक्यावरची जाळीची टोपी काढायचंही भान राहिलं नव्हतं. गल्लीतच कोणीतरी सांगितलं असावं. त्यांनी तड्याकडं बघितलं नाही. सरळ मधल्या टेकूजवळ गेले, त्याच्यावर पंजा ठेवला अन् जरासा ढकलला. जाडजूड लाकडी टेकू दुखऱ्या दातासारखा हलला.

"हा कोणी हलवला?"

प्रेमाची नजर टेकूच्या पायाकडून देवघरापुढच्या जमिनीकडं गेली.

देवघरापुढं गोपद्मं काढलेली होती. पांढऱ्या रांगोळीची, तेहेतीसच्या तेहेतीस, गाईची इवली पावलं आताच उमटून गेल्यासारखी. सासूबाईंचं चातुर्मासाचं व्रत. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत रोज गोपद्मं काढल्याशिवाय त्या तोंडात दाणा घालायच्या नाहीत. ताप असो, लग्नकार्य असो. एका साली हात मोडला होता तेव्हा त्यांनी डाव्या हातानं काढली होती. पण आज सकाळी त्याच जागेवर मिस्त्रींनी मधला टेकू लावला होता, खाली फळी टाकून. आता फळी हातभर बाजूला होती, अन् फळीशेजारी वरवंटा पडला होता.

सकाळभर माती पडत होती म्हणून सासूबाई, प्रेमाच्या आत्याबाई, थांबल्या. माणसं नमाजाला गेली तशी त्यांनी जागा झाडून, सारवून घेतली. मग फळी आडवी आली. प्रेमाला एका नजरेत सगळं दिसलं, आणि दिसल्या दिसल्या तोंडातून निघूनही गेलं:

"माझाच धक्का लागला. झाडताना."

कलीमनी मान हलवली. "झाडून हलत न्हाई हा, वहिनी. पाचर काढा लागते."

"मंग काढली असेल माझ्याकडून."

"प्रेमा," देवघराजवळून आवाज आला. पद्माबाई पाटावर बसल्या होत्या, पहाटेपासून उपाशी. "माझ्यापायी काहून खोटं बोलून राहिली, माय? मी सरकवला, कलीम. वरवंट्यानं ठोकून पाचर काढली अन् हातभर सरकवला. मला वाटलं टेकू काय, इथं लावला काय अन् तिथं लावला काय."

कलीमनी मोठा श्वास सोडला. ओरडले नाहीत. "माय, तो बराबर छताच्या गर्डरखाली होता. हातभर सरकला, की वरच्या गर्डराला खालून काहीच राहिलं न्हाई."

"असं व्हय," पद्माबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी वर तड्याकडं बघितलं, मग खाली पडलेल्या दगडाकडं, मग मिनाकडं. चेहऱ्यावरून एकेक गोष्ट उतरत गेली. मिना त्या दगडापासून फार लांब नव्हती.

विश्वंभरला मात्र धागा सापडला. "आता तरी पटलं का? देवाच्याच मनात न्हाई हे दार. देवापुढं घाट घातला अन् देवानंच—"

"देवाचं नाव घेऊ नको, विश्वंभरा." आवाज तेवढाच, आरती झाल्यावर तीर्थ देताना असतो तेवढा. "देवानं न्हाई सरकवला. मी सरकवला."

प्रेमा सासूकडं बघत राहिली. एवढी व्रतं करणारी बाई. देवाच्या पदराआड लपायला तिच्याइतकी सोपी जागा कोणाला होती? एक शब्द बोलायचा होता फक्त, 'इच्छा त्याची'. सगळ्यांनी मान डोलावली असती. त्या बाईनं आपल्या चुकीचा दगड देवाच्या अंगावर पडू दिला नाही. प्रेमाला वाटलं, इतकी वर्षं आपण ह्यांचे उपास मोजत बसलो, त्यांचं व्रत खरं तर हे होतं.

"भांडण मागून करा," कलीम म्हणाले. "आधी टेकू." त्यांनी फळी उचलली अन् रांगोळीच्या कडेशी थबकले. पाय पुढं पडेना. "माय, हे... इथंच लावा लागते."

पद्माबाई पाटावरून उठल्या. गुडघे टेकून बसल्या आणि उजव्या तळव्यानं सगळी गोपद्मं पुसून टाकली, ताटातला भात गोळा करावा तशी. "आजचं झालं माझं. ठेव बाबा."

मुकुलनं टेकू धरला, कलीमनी पाचर मारली. वर फरशीतून थोडी माती सरसरली आणि थांबली. तडा मिटला नाही, पण टेकू आता खांबासारखा उभा राहिला. कलीमनी ओल्या चिकणमातीचा एक गोळा घेऊन तड्यावर आडवा थापला, बोटानं सपाट केला.

"तडा वाढला तर ही माती फाटते," ते म्हणाले. मग सगळ्यांकडं वळले. "आता ऐका. भरा म्हणता तर दगड-सिमेंटानं खाच भरतो. दार काढा म्हणता तर गर्डर चढवतो. पण असं उघडं ठेवून मी घरी जाणार न्हाई."

"भरा," विश्वंभर म्हणाला.

"दादा, तुला वाटते मी तुझं घर फोडून राहिले," मिना पहिल्यांदा बोलली.

"मंग काय करून राहिली? ह्या घराला एक दार. बाबा त्याच दारातून आले, त्याच दारातून गेले. उद्या गावानं विचारलं, विश्वंभरनं बहिणीला येगळं काढलं का, तर काय सांगू?"

"सांग की मिनानं शिलाईचं दुकान काढलं."

"अन् माझ्या बैठकीतून यायला तुझ्या बायांना काय काटे टोचते?"

"काटे न्हाई, माणसं टोचते," मिना म्हणाली, आणि एवढ्यातही प्रेमाला हसू आवरावं लागलं. "परवा शंकरसिंगची सून आली होती. खण पदराखाली धरून. बैठकीत तुझे हळदीचे व्यापारी पाय पसरून बसलेले. पायरीवरूनच गेली परत. बाईला माप द्यायचं असते, दादा. एवढ्या डोळ्यांपुढून आत येऊन कशी देईल?"

"मला सांगायचं. माणसं ओट्यावर बसवली असती."

"रोज सांगू? सकाळी उठून तुला विचारू, आज माझ्याकडं कोण येऊ अन् कोण नको?" मिना स्टुलावरून उठली. "तू मला कधी न्हाई म्हणलं न्हाई, दादा. हे मी कोणापुढंबी सांगन. पण मला रोज विचारा लागते. जिंतूरला विचारत होते, इथं बी विचारते. म्हातारी होईपर्यंत विचारत राहू?"

विश्वंभरची नजर मशीनवर गेली. जिंतूर आणि आपलं घर एका वाक्यात आलेलं त्याला फार लागलं, हे प्रेमाला दिसलं. बहिणीला आणायला तोच गेला होता. मशीन जीपच्या टपावर चढवताना त्याच्या हाताला जखम झाली होती, तिचा वण अजून होता.

"ताई, दादाचं बी बरोबर आहे," मुकुल मधे पडला. तो वसमतला कचेरीत होता, आणि कचेरीतल्यासारखाच ज्याचं पारडं जड त्याच्याकडं सरकायची त्याला सवय होती. "तडा गेल्यावर कशाला जोखीम? पुढच्या साली बघू."

"मुहूर्ताचा नारळ तूच फोडला की रे," मिना म्हणाली. "खोबरं वाटत गल्लीभर फिरला. 'माझ्या बहिणीचं दार, माझ्या बहिणीचं दार.'"

"ते... तेव्हा तडा कुठं होता?"

कलीम भिंतीकडं वळून मिशीत हसले.

प्रेमानं तांब्या खाली ठेवला. ह्या घरात चारचौघांत नवऱ्याच्या शब्दावर शब्द तिनं कधी टाकला नव्हता. जे बोलायचं ते चुलीपाशी, हळू, त्याच्या ताटात भाकरी टाकता टाकता. आत्ताही तसं करता आलं असतं, पण चुलीपाशी जाईपर्यंत खाच भरून झाली असती.

"अहो, भरायचं न्हाई."

विश्वंभरनं मान वळवली.

"आत्याबाई अन् ताई ह्याच छताखाली निजतात. फोडलेली जागा भरली तर पहिल्यासारखी होते का, कलीमभाई?"

"न्हाई, वहिनी. भरलेलं ते भरलेलंच. गर्डर पडला तर ती जागा पहिल्यापेक्षा मजबूत."

"ऐकलं ना? मंग चढवा."

"तू बी?" विश्वंभर म्हणाला. एवढं हळू, की जणू घरात ते दोघंच होते.

"मी बी."

त्यानं आईकडं बघितलं. पद्माबाईंच्या तळव्याला अजून रांगोळी लागलेली होती. "चढव, कलीम," त्या म्हणाल्या. "माझ्या हातानं पोरीचं दार बुजलं, हे मला घेऊन जायचं न्हाई वर."

विश्वंभर वाकला, जमिनीवरचा तांब्या उचलला आणि उभ्यानं गटागटा संपवला. "तुमचं तुमी बघा. मळणी खोळंबली," एवढं बोलून तो बैठकीतून, त्या एकाच दारानं बाहेर पडला.

आता वेगळीच अडचण. कलीमच्या दोन माणसांपैकी एकानं तडा बघितला आणि तो गल्लीतून आत यायला तयार होईना. त्याला लहान लेकरं होती, त्याला कोणी काही बोललं नाही. गर्डर मात्र दोन माणसांनी उचलण्याजोगा नव्हता.

"किती जण लागते?" मिनानं पदर कमरेला खोचला.

"ताई, बायांचं काम न्हाई हे."

"हळदीची पोती उचलते आमी," प्रेमा म्हणाली. तिनं पदराची चुंबळ केली होतीच. "लोखंडात अन् हळदीत काय फरक? हळद पिवळी."

कलीमनी हात जोडले. "बरं. पण मी म्हणन तसं. धक्का न्हाई, घाई न्हाई. अन् एक माणूस पाहिजे, ह्या मातीवर नजर ठेवायला. गर्डर सारताना माती फाटली तर लगेच सांगायचं. डोळा हलवायचा न्हाई, मागं-पुढं बघायचं न्हाई, कोणी ओरडलं तरी."

सगळ्यांनी एकदमच देवघराकडं बघितलं. पद्माबाईंनी पाट उचलून तड्यासमोर ठेवला आणि मांडी घातली. एका जागी न हलता बसायची विद्या त्या घरात दुसऱ्या कोणाजवळ होती?

अंगणातून गर्डर आत आला. पुढं कलीम अन् त्यांचा माणूस, मधे प्रेमा अन् मिना खांद्याला खांदा लावून, मागं मुकुल. कचेरीची इस्त्रीची पँट गुडघ्यावर फाटली, त्याचं त्याला भान नव्हतं. "बिस्मिल्ला," कलीम पुटपुटले, आणि गर्डर छातीपासून खांद्यावर, खांद्यावरून स्टुलावर, स्टुलावरून फळ्यांच्या मचाणावर चढला. प्रेमाच्या डोळ्यांपुढं काजवे चमकले. शेजारी मिनाचा श्वास ऐकू येत होता, आणि मधे मधे ती दात आवळून म्हणत होती, "वहिनी, हाय मी. हाय मी."

"माय, माती?"

"साबूत आहे."

गर्डर खाचेच्या तोंडाशी लागला. एक टोक आत गेलं. दुसरं अडलं. कलीमनी छन्नीनं कड तासली. वरून भुरभुर माती पडली, पद्माबाईंच्या डोक्यावर, खांद्यावर, पापण्यांवर. त्यांनी डोळा मिटला नाही. पाणी गालावरून ओघळत होतं, हात मांडीवरून उठला नाही.

"माय?"

"साबूत आहे. कर तू."

गर्डर आत सरकला. लोखंड दगडावर घासल्याचा आवाज झाला, आणि मग काहीच आवाज नाही. कलीम दगडाच्या चिपा वरच्या फटीत ठोकत गेले, एकेक चीप, एकेक ठोका, जोवर वरची भिंत गर्डरावर ठाम बसत नाही तोवर. शेवटी त्यांनी टोपीनंच घाम पुसला. "आता पडायची असेल तर गावातली दुसरी कोणतीबी भिंत पडन. ही न्हाई पडणार."

तेव्हा कुठं पद्माबाईंनी डोळे मिटले. मिना धावली, पदराच्या ओल्या टोकानं आईचे डोळे पुसायला लागली. "माय, दिसते ना तुला?"

"दिसते ना. तुझं थोबाड दिसून राहिलं, मातीनं भरलेलं." मग त्या प्रेमाकडं वळल्या. "भाकर असेल तर दे वं माय. लय भूक लागली."

प्रेमानं वाढलं. आणि वाढताना, कोणाचं लक्ष नाही बघून, सासूच्या पायाला हात लावला. पद्माबाईंना ते कळलं, पण त्या भाकरीच खात राहिल्या.

पुढचे दिवस विश्वंभर घरात मोजकंच बोलायचा. जेवायला बसायचा, उठायचा, खोलीकडं फिरकायचा नाही. टेकू काढायची वेळ आली नव्हती, म्हणून पद्माबाई रोज फळीच्या कडेकडेनं गोपद्मं काढायच्या. पावलं वळून फळीला वळसा घालून जायची. 'गाईच्या वाटेत झाड आलं तर गाय काय झाड हलवते?' एवढंच त्या म्हणाल्या होत्या.

सिमेंट वाळलं तसं कलीमनी खालची भिंत काढायला घेतली. पहिला दगड बाहेर ढकलला आणि गल्लीतलं ऊन त्या खोलीत आलं, कधी आलं नव्हतं अशा जागेवर, मशीनच्या चाकावर. मिना नुसती बघत राहिली. दसऱ्याला चौकट बसली. पूजेला कोण बसणार ह्याची गल्लीभर चर्चा व्हायच्या आत पद्माबाईंनी हळदीकुंकवाची वाटी मिनाच्याच हातात दिली होती. दुसऱ्या दिवशी शंकरसिंगची सून आली, सोबत दोघी जणी घेऊन. गल्लीतून सरळ आत. मशीनचा आवाज दिवसभर बंद झाला नाही. बैठकीत बसून हळदीच्या भावाचं बोलताना विश्वंभर तो ऐकायचा, आणि ऐकत नसल्यासारखं दाखवायचा.

एक दिवस सांज व्हायला आली होती. बाया मापं देऊन घरी गेल्या होत्या, आणि प्रेमा आतल्या दारातून मिनाला चहा द्यायला निघाली होती. गल्लीत गाडी थांबली. गाडीचा आवाज ओळखीचा होता, पण तो दर वेळी पुढल्या दाराशी थांबायचा. प्रेमा कप घेऊन जागच्या जागी उभी राहिली.

नव्या चौकटीत विश्वंभर आला. आत पाय टाकला नाही. एक हात वरच्या गर्डराखालच्या गिलाव्यावर ठेवून, जरा वाकून, तो तिथंच थांबला. दुसऱ्या हातात गुंडी तुटलेला सदरा होता.

"मिना," तो म्हणाला. घसा खाकरला. "येऊ का आत?"

मशीन थांबलं. ह्या घरातल्या कोणत्याही खोलीत जाताना नवऱ्यानं कोणाला विचारल्याचं प्रेमानं कधी ऐकलं नव्हतं.

मिनानं दोरा तोडला. सुईखालचं कापड काढून घडी केली. मग भावाकडं बघितलं, खालपासून वरपर्यंत.

"चपला बाहेर काढ, दादा. खाली लोकायचं कापड आहे."

विश्वंभरनं चपला काढल्या, नीट जोडीनं भिंतीला लावून ठेवल्या, आणि मान वाकवून आत आला.